माठातला माठ, नोंद तिसरी: चौथ्या दिवसाचा घोळाणा

मेथी ताजी आहे की नाही, हे शिजवून कळत नाही. लसणाच्या फोडणीत दोन दिवसांची जुडीही खपून जाते. घोळाणा केला की मात्र लपवायला जागा उरत नाही. कच्ची मेथी बारीक चिरायची, कांदा, शेंगदाण्याचा कूट, तिखट, मीठ, वरून कच्चं तेल, बस्स. पान शिळं असेल तर पहिल्याच घासाला तोंडात चोथा होतो. म्हणून भाजी फ्रिजशिवाय ताजी ठेवायला मी जो माठात माठ बसवलाय, त्याची परीक्षा या उन्हाळ्यात घोळाण्यावरच घ्यायची असं ठरवलं. गेल्या मंगळवारी आणून माठात ठेवलेल्या जुडीचा घोळाणा शुक्रवारी केला, सोबत कळण्याची भाकरी. पानं करकरीत होती. बाहेर ओट्यावर टोपलीत ठेवलेल्या दुसऱ्या जुडीने मंगळवारी संध्याकाळीच मान टाकली होती.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी रचना थोडक्यात: मोठा माठ, त्यात लहान माठ, मध्ये चार बोटं ओली रेती, तोंडावर ओलं गोणपाट. रेतीतलं पाणी बाहेरच्या माठाच्या छिद्रांतून वाफ होऊन जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. एका लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 580 किलोकॅलरी लागतात, म्हणजे दिवसाला तीन लिटर रेतीत मुरलं तर केवढी उष्णता बाहेर पडली याचा अंदाज करा. नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने 1990 च्या दशकात हे माठ गावोगाव पोहोचवले, त्यासाठी 2000 साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे तीन दिवस टिकणारी वांगी या माठात 27 दिवस टिकली, असं सांगतात. माझी सहा दिवस टिकली. मला तेवढ्यानेही फार आनंद झाला, कारण आमच्या घरात मे महिन्यात वांगं तिसरा दिवस बघत नाही.

मार्चमध्ये मात्र सगळं फसलं होतं. बाहेरचा माठ घेतला तो लालभडक, चकचकीत, तैलरंग दिलेला. रेती ओलीचिंब, पण माठाला बाहेरून हात लावला तर कोरडा. आत जेमतेम तीन अंश फरक. रंगाने छिद्रं बुजली की वाफ जाणार कुठून? पुढच्या बाजाराला बिनरंगाचा, नखाने खरवडला तर माती निघेल असा माठ आणला. घेताना दुकानातच वरून चार थेंब पाणी टाकून बघा. लगेच शोषलं गेलं तर घ्या.

दुसरी चूक जागेची. मी तो कूलरच्या खोलीत ठेवला, थंड खोलीत आणखी थंड होईल म्हणून. झालं उलटं. कूलर खोलीतली हवा दमट करतो आणि दमट हवेत माठ घाम गाळत नाही. आता तो मागच्या पडवीत, सावलीत, तिवईवर आहे. वारा खालूनही लागला पाहिजे. तिथे दुपारी दोनला पडवीत 42 अंश आणि माठात 27. पहाटे पडवीत 28, माठात 23. अवकाळीचं ढग आलं त्या दिवशी पडवीत 38 असूनही माठात 31 पर्यंतच उतरलं. आपला हा कोरडा खान्देशी उन्हाळाच या माठाचं इंधन आहे. मुंबईच्या नणंदेने विचारलं तेव्हा तिला मी नको म्हणून सांगितलं.

सासूबाई धुळ्याकडच्या. मी रेतीत थर्मामीटर खुपसताना त्या बघत होत्या, म्हणाल्या, "हाई काय करी ऱ्हायनी तू?" मग त्यांनीच सांगितलं की त्यांच्या माहेरी रांजणाखाली रेती असायची आणि कोथिंबिरीची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून त्या रेतीवर टेकवून ठेवायचे. फडकं सुती, आणि जुडी उभी. तेव्हापासून मीही जुडी उभीच ठेवते, धुवत नाही, फक्त पिवळी पानं काढते. आडवी ठेवली की खालची पानं दबून सडतात. कोथिंबीर मुळांसकट पाच दिवस टिकते.

वांग्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे वांगं म्हणजे भरीत. जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. हे हिरवं, मोठं, कमी बियांचं वांगं मी हिवाळ्यात फ्रिजमध्ये कोंबायचे आणि तिसऱ्या दिवशी त्यावर खड्डे, आत काळ्या बिया. दोष वांग्याचा नव्हता. वांग्याला दहा अंशांच्या खालची थंडी सोसत नाही, आणि घरचा फ्रिज चार-पाच अंशांवर चालतो. माठातलं वांगं सहाव्या दिवशी थोडं मऊ पडलं, पण चिरल्यावर गर पांढरा होता. कपाशीच्या काड्या शहरात कुठे मिळणार, गॅसवरच भाजलं. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. टोमॅटो नाही, आमच्याकडे भरीताला तो चालत नाही.

आणि केळी माठाच्या आसपासही नको. जळगावच्या घरात घड टांगलेला असतोच. पिकणाऱ्या केळीतून इथिलीन वायू सुटतो, तो जवळची भाजीही लवकर पिवळी पाडतो. मी एकदा दोन केळी माठात ठेवली, तर दुसऱ्या दिवशी मेथी पिवळी आणि काकडीही. कांदा-लसूण बाहेरच, त्यांना कोरडं लागतं. दूध, शिजवलेलं अन्न, चिरलेली भाजी यांतलं काहीच ठेवू नका. 27 अंश म्हणजे थंडावा, फ्रिज नव्हे. असे पदार्थ त्यात लवकर नासतात.

एक काम राहून गेलं होतं. बोअरच्या जड पाण्याने माठावर पांढरा थर चढला आणि मेच्या मध्यात आतलं तापमान दोन अंश वाढलं. काथ्याने घासलं, साबण नाही लावला, एक दिवस उन्हात कोरडा केला, पुन्हा 27 वर आला. आता दर पंधरवड्याला हे करते, आणि ओतायला नळाचं पाणी वापरते.

मृग लागला की रेती काढून वाळवून ठेवायची. त्याआधी राजगिऱ्याची जुडी एकदा बघायची आहे. शेजारच्या काकूंनी त्यांच्या परसातली द्यायचं कबूल केलंय, सोमवारी सकाळी तोडणार आहेत.