तुम्ही विचारलंत म्हणून : तंबोऱ्याच्या गावात डबल बास

आमच्या घरी कुणी आलं आणि मागं माझं काहीतरी लावलेलं असलं की चहा येईपर्यंत प्रश्न येतोच. परवा भाचीचे सासरे आलेले, त्यांनीही तेच विचारलं. "अहो तुम्ही मिरजेचे, सतारमेकर गल्ली पाच मिनिटांवर, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तुमच्या दर्ग्यात, आणि तुम्ही ऐकताय काय तर हा डेन्मार्कचा बासवाला? काय आहे एवढं त्याच्यात?" जावई विचारतो, कुपवाडला कंपनीतली पोरं विचारतात. दरवेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगतो आणि विषय बदलतो, कारण खरं उत्तर लांब आहे आणि त्यात आमचे आण्णा पण येतात. आज बसून सगळं लिहून काढतो.

बासवाला म्हणजे नील्स-हेनिंग ओर्स्टेड पेडरसन. नाव एवढं लांब की जाझवाले लोक त्याला नुसतं एनएचओपी म्हणायचे, मी नील्स म्हणतो. जन्म १९४६ चा, डेन्मार्कमधल्या ओस्टेड नावाच्या छोट्या गावचा, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. आधी पियानो शिकला आणि मग पोरवयातच डबल बासकडे वळला. एप्रिल १९६२ मध्ये बड पॉवेल कोपनहेगनला आलेला, म्हणजे बीबॉप या वेगवान जाझ प्रकारातला अगदी वरचा पियानोवाला, त्याच्या रेकॉर्डवर बास या नील्सनं वाजवलाय, तेव्हा त्याला सोळावं पण लागलं नव्हतं. सतराव्या वर्षी अमेरिकेतल्या काउंट बेसीनं स्वतःच्या ऑर्केस्ट्रात बोलावलं तर हा गेला नाही. कोपनहेगनमध्येच राहिला, तिथल्या मॉन्टमार्ट क्लबात अमेरिकेतून जो कुणी मोठा वादक येईल त्याच्यामागं उभा राहून वाजवत राहिला. मला हे फार आवडतं. आपल्याकडं पण असे तबलजी, पेटीवाले असतात ना, गाव सोडत नाहीत आणि सगळे मोठे गवई त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसून गेलेले असतात.

डबल बास बघितलाय का कुणी जवळून? व्हायोलिनचाच आकार पण उंची माणसाएवढी, जवळजवळ सहा फूट, उभं राहून कवेत घेऊन वाजवायचा. चार तारा, सगळ्यात खालची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते, म्हणजे आपल्या खर्जाच्याही खाली कुठंतरी. जुन्या हिंदी गाण्यांत तबल्याच्या जोडीनं खालून जो गोल दमदार आवाज येत राहतो तो बऱ्याचदा याचाच. आपण सगळ्यांनी तो लहानपणापासून ऐकलाय, फक्त कुणी नाव सांगितलं नव्हतं.

मला सांगितलं ते हॉस्टेलवरच्या रूममेटनं. १९८७ साल, मी सांगलीच्या वालचंद कॉलेजला होतो आणि रूममेट होता गोव्याचा, मडगावकडचा, त्याचा काका मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात डबल बास वाजवायचा. त्यानं एक भरून घेतलेली कॅसेट आणलेली. एका बाजूला ऑस्कर पीटरसनचा पियानो, जो पासची गिटार आणि नील्सचा बास, तिघंच, ड्रम नाहीत. दुसऱ्या बाजूला केनी ड्रूचा पियानो आणि नील्सचा बास, दोघंच. आमच्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर असा बशीएवढा, त्याच्यावर मला पियानो ऐकू आला, गिटार ऐकू आली, आणि बासच्या जागी नुसती टिकटिक, तारेला बोट लागल्याची. मी म्हणलं काय आहे याच्यात. तो काही बोलला नाही, वाद घालणाऱ्यातला नव्हताच तो.

गणपतीत विश्रामबागला मंडपात स्पीकर लावायचं काम चाललेलं, डेकोरेटरचा पोरगा आमच्या ओळखीचा झालेला कारण आम्ही रोज त्याच टपरीवर असायचो, तर या गोव्याच्या पठ्ठ्यानं त्याला म्हणलं टेस्टिंगला ही कॅसेट लाव की. दुपारची वेळ, मंडपात कुणी नाही, गणपती यायला दोन दिवस, ताडपत्र्या अजून बांधायच्या होत्या. माणसाच्या छातीएवढे खोके. कॅसेट लागली आणि नील्सचा पहिला सूर आला तो कानात आलाच नाही, बरगड्यांत आला. मी पत्र्याच्या खुर्चीवर हात टेकलेला, खुर्ची हलत होती. ज्या गाण्यात मला टिकटिक ऐकू आलेली त्यात खाली एक आख्खा माणूस चालत होता, न थांबता, एकेका मात्रेवर एकेक पाऊल टाकत, आणि पियानोवाला त्याच्या अंगावर उड्या मारत होता, लहान पोर बापाच्या खांद्यावर मारतं तशा. डेकोरेटरच्या पोरानं आवाज बारीक केला कारण वर बांबूवर बसलेला माणूस ओरडला. तेवढ्यात मी गेलेलो होतो कामातून.

आता तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर. लोक म्हणतात नील्स म्हणजे स्पीड. बरोबरच आहे, त्या काळात बासवर एवढं जलद कुणी वाजवत असेल यावर विश्वास बसत नाही. त्याची कारणं पण आहेत. आधी बासला आतड्याच्या तारा असायच्या, जाड, आणि आवाज लांब जावा म्हणून पट्टीपासून उंच ठेवलेल्या, त्या दाबायलाच रग लागायची. मग स्टीलच्या तारा आल्या, तारेचा आवाज उचलणारे पिकअप आणि तो मोठा करणारे अँप्लिफायर आले, तारा खाली घेता आल्या, हात मोकळा झाला. आणि उजव्या हातानं बहुतेक बासवाले एक नाहीतर दोन बोटांनी छेडायचे तिथं नील्स गिटारवाल्यासारखी जास्त बोटं आळीपाळीनं चालवायचा. त्याच्या आधी अमेरिकेत स्कॉट लफारो म्हणून एक होऊन गेला, त्यानं बासला नुसतं मागं चालण्याऐवजी पियानोशी बोलायला लावलं, आणि १९६१ मध्ये पंचविसाव्या वर्षीच गाडीच्या अपघातात गेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. ती वाट पुढं ज्यांनी नेली त्यातला नील्स एक.

पण मी मिरजेचा आहे, मला स्पीडचं काय. तयारीची तान घेणारे आपण उरसात ढिगानं ऐकलेत. मी अडकलो ते सुरात. बासला सतारीसारखे पडदे नसतात, सरोद-व्हायोलिनसारखं सगळं कानावर. आणि तार केवढी, तर खुंटीकडच्या टोकापासून घोडीपर्यंत साधारण १०५ सेंटिमीटर. मोकळ्या तारेला सा धरला तर कोमल रे त्याच्यापासून जवळजवळ सहा सेंटिमीटर लांब! व्हायोलिनवर तेच अंतर दोन सेंटिमीटरच्या आत येतं. म्हणजे खालच्या बाजूला पंजा पूर्ण ताणायचा, आणि वर जाल तसतसं अंतर आखडत जातं, प्रत्येक जागी वेगळं माप, वर अंगठा पट्टीवर आडवा टाकून वाजवायचं. हे सगळं पळत असताना. आणि हा माणूस त्यातसुद्धा सुरेल. बरोबर सूर लागणं निराळं आणि सुरेल असणं निराळं, किराणा घराण्याचं, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या घराण्याचं गाणं कानावर पडत वाढलेल्या माणसाला तो फरक सांगावा लागत नाही.

एकदा मी सतारमेकर गल्लीतल्या एका चाचांना ऐकवलं होतं. आमच्या घरचा तंबोरा त्यांच्याकडंच जातो जवारीला, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज खुलवून घ्यायला, पंचाहत्तरीचे असतील तेव्हा. त्यांच्यासमोर तंबोरा आडवा टाकलेला, जवारी काढून झाली होती आणि घोडीवर तारेखाली दोरा सरकवायचं काम चाललेलं, केसाएवढा पुढं केसाएवढा मागं. मी हेडफोन दिला. त्यांनी डोळे मिटले, दोरा बोटातच होता. दोन-तीन मिनिटं नील्सचा एकट्याचा तुकडा ऐकला आणि स्पीडबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "हा नखानं वाजवत नाही, मांसानं वाजवतो. आणि सूर सोडायची घाई नाही त्याला." मग विचारलं, लाकूड कुठलं? म्हणलं वरची तबली स्प्रूसची, पाठ बहुतेक मेपलची. भोपळा नाही म्हणल्यावर जरा गप्प झाले, मग म्हणाले एवढी मोठी पेटी असल्यावर भोपळा कशाला लागतोय. परत हेडफोन लावून पूर्ण ऐकलं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा मला आधी ते चाचाच आठवले.

सूर सोडायची घाई नाही, हे त्यांनी जे पकडलं ना ते मला इतकी वर्षं ऐकून शब्दांत सांगता आलं नव्हतं. जलद तुकड्यात पण प्रत्येक सुराला त्याचा हक्काचा वेळ मिळतो, कुणाला ढकलून पुढं गेलाय असं होत नाही.

दुसरं उत्तर आण्णांचं. आमचे आण्णा ब्राह्मणपुरीत भजनी मंडळात तबला वाजवायचे, नोकरी रेल्वेत आणि जीव तबल्यात. २००६ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. बोलणं महिन्याभरात बरंचसं परत आलं पण डावा हात नाही. ते उजव्या हातानं एकटा तबला वाजवत बसायचे कॉटवर, आणि ते ऐकवायचं नाही कुणाला, कारण ज्यांना कळतं त्यांना माहितीय की उजव्या हाताचा ना आणि डाव्या हाताचा गे एका क्षणी पडले तरच धा होतो. नुसता ना ना ना. डग्गा शेजारी झाकून ठेवलेला.

एक दिवस मी त्यांच्या डावीकडं बसलो आणि डग्गा पुढं ओढला. मला लहानपणी थोडंफार शिकवलेलं, ते तेवढंच. आम्ही दोघांनी मिळून एक धा काढायचा प्रयत्न केला. होईना. माझा गे आधी तरी पडायचा नाहीतर मागून, एक धा फुटून दोन आवाज. आठ-दहा दिवस नुसतं हेच. मी त्यांच्या हाताकडं बघत होतो, ते म्हणाले हाताकडं बघू नको, श्वासाकडं बघ. मग जमायला लागलं. भजनी ठेका धरायला लागलो, खालीला, म्हणजे ठेक्यात डग्गा बंद असतो त्या भागात, मी हात उचलून गप्प बसायचं आणि भरीला, म्हणजे डग्गा वाजतो तिथं, परत उघडायचं. ते गप्प बसणं मला सगळ्यात अवघड गेलं.

त्याच दिवसांत माझ्या हाताला नील्सचं एक रेकॉर्डिंग लागलं, २००३ मधलं, व्हिएन्नाचं. ऑस्कर पीटरसनच, पण कॅसेटवरचा नव्हे. पीटरसनला १९९३ मध्ये झटका आलेला आणि त्याचाही डावा हात अधू झालेला, पियानोवाल्याचा डावा हात म्हणजे खालची सगळी बाजू. तरी तो परत स्टेजवर आला. सोबत गिटारवर उल्फ वाकेनियस, ड्रमवर मार्टिन ड्रू आणि बासवर आपला नील्स. मी कॅसेटवरचं डोक्यात ठेवून ऐकत होतो. तिथं पीटरसनच्या दोन्ही हातांच्या गर्दीतून नील्सला वाट काढायला लागायची, इथं खालची जागा मोकळी आहे आणि नील्स तिथं उभा आहे. भरून टाकत नाहीये. एवढा तयारीचा माणूस, पाहिजे तर तिथं हजार सूर ओतले असते, पण तो पाहिजे तेवढाच सूर ठेवतो, गोल, पूर्ण, बरोबर वेळेला, आणि पीटरसनचा उजवा हात वर निवांत चालतो. मला विचाराल तर त्याची खरी कमाल ही. ज्याला सगळं येतं त्यानं थोडंच वाजवणं. तीस वर्षं एकमेकांबरोबर वाजवल्याशिवाय ते येत नाही, १९७४ मध्ये हे दोघं सोव्हिएत युनियनच्या दौऱ्यावर पण बरोबर होते.

आण्णांच्या खोलीत मी ते लावलं. त्यांना जाझ वगैरे काही माहीत नव्हतं, उजवा हात चादरीवर हलत होता. थोड्या वेळानं म्हणाले, "डग्गा कोण वाजवतंय रे?" म्हणलं आण्णा, डग्गा नाही तो, मोठं तारेचं वाद्य आहे. ते म्हणाले, "असूदे. चांगला बसलाय." मग मी त्यांना पीटरसनच्या हाताचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग परत पहिल्यापासून लाव म्हणाले.

नील्स १९ एप्रिल २००५ ला गेला, हृदय बंद पडून, अठ्ठावन्न वर्षांचा होता. म्हणजे आम्ही दोघं कॉटवर बसून ते ऐकत होतो तेव्हा तो या जगात नव्हताच, आणि मला तेही माहीत नव्हतं, पुढं कधीतरी कळलं. पीटरसन २००७ च्या डिसेंबरात गेला. आण्णा त्याच्यानंतर दोन वर्षांनी. डग्गा माझ्याकडं आहे, दर दिवाळीला पुडी बघून घेतो.

तर हे असं आहे. आता ऐकायचंच असेल तर एक विनंती, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्याच्यावर तुम्हाला ती टिकटिकच ऐकू येईल आणि तुम्ही परत मला हाच प्रश्न विचाराल. चांगला हेडफोन घ्या, नाहीतर ओळखीतल्या कुणाचा मोठा स्पीकर. केनी ड्रूबरोबरच्या १९७३ च्या रेकॉर्डपासून सुरू करा, जवळजवळ सगळीकडं दोनच वाद्यं आहेत, चुकामूक होत नाही. पहिल्यांदा पियानो ऐका, दुसऱ्यांदा फक्त खालचं. आणि नाहीच जमलं तर रविवारी घरी या, दुपारी चारनंतर मी असतोच, मी लावतो.