झिजलेल्या अक्षराला झिजण्याचे कारण हवे

जाड, सेरिफ (रेघांच्या टोकांना असणाऱ्या छोट्या शेपट्या) नसलेला, कडा खरवडलेला आणि मधूनमधून शाई उडालेला टंक, म्हणजे फाँट, मला मनापासून आवडतो. मात्र असा कोणताही नवा फाँट हाती आला, की मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो: रोमन लिपीतील ‘बूट’ हा शब्द लिहून त्यातील दोन ‘ओ’ शेजारी शेजारी ठेवतो. दोघांच्याही डाव्या खांद्यावर नेमका तोच ओरखडा दिसला, तर जुनेपणाचा सगळा आभास तिथेच संपतो, कारण जुन्या छपाईत वापरल्या जाणाऱ्या लाकडी टाइपच्या, म्हणजे लाकडात कोरलेल्या अक्षरांच्या, पेटीतील दोन ‘ओ’ कधीही सारखे झिजत नसत.

सेरिफ नसलेला पहिला छापील टंक इंग्लंडमधील टंक ओतणारा विल्यम कॅस्लन चौथा याने 1816 च्या सुमारास नमुन्यादाखल दाखवला, आणि 1827 मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने लाकडी अक्षरे कोरण्यासाठी राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारे यंत्र, वापरात आणल्यावर मोठ्या मापाची अक्षरे स्वस्तात मिळू लागली. ती अक्षरे बहुधा मेपलच्या लाकडाच्या आडव्या छेदावर कोरलेली असत. वर्षानुवर्षे दाब सोसून त्यांचे कोपरे गोलसर होत, आपटून कडेला खाचा पडत, आणि जे अक्षर झिजून इतरांपेक्षा किंचित बुटके होई त्याचा ठसा फिका, ठिपक्याठिपक्यांचा उमटे; मग छापणारा त्याच्या खाली कागदाचे तुकडे लावून उंची भरून काढी. म्हणजे प्रत्येक डागाला काहीतरी कारण होते. अक्षरावर सरसकट वाळू फेकल्यासारखा पोत पसरला की हेच कारण हरवते.

जाडपणाही इथे केवळ शोभेसाठी नसतो. रेघ रुंद आणि सर्वत्र जवळपास सारखी असल्यामुळे तिचा बराच भाग खाऊन टाकला तरी अक्षराचा सांगाडा शाबूत राहतो. बारीक रेघा आणि सेरिफ असलेल्या टंकात पहिल्याच घावाला अक्षर तुटते.

चांगला टंककार प्रत्येक अक्षराची दोन-तीन रूपे रेखाटतो आणि ओपनटाइप या फाँटच्या फाइल-प्रकारातील, शेजारच्या अक्षरांनुसार पर्याय बदलणाऱ्या सोयीने ती आळीपाळीने येतील अशी व्यवस्था करतो. ही सोय सॉफ्टवेअरमध्ये बंद राहिली असेल तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून ती तपासावीच.

एकदा मी असाच टंक एका लेबलवरच्या बारीक ओळींसाठी वापरला होता. पडद्यावर सुंदर दिसणारे ओरखडे छपाईत शाईने भरून गेले आणि उरलेली अक्षरे निव्वळ मळकट दिसू लागली. तेव्हापासून झिजलेला टंक मी फक्त मथळ्याला देतो, खालच्या ओळी स्वच्छ सॅन्स सेरिफमध्ये (सेरिफ नसलेल्या टंकात) ठेवतो, आणि अक्षरे कटिंग प्लॉटरवर, म्हणजे पात्याने आकार कापणाऱ्या यंत्रावर, चिकट व्हिनाइलच्या पत्र्यातून कापायची असतील तर त्याच टंकाचे न झिजलेले रूप घेतो, कारण त्या शेकडो बारीक छिद्रांभोवती पाते फिरवताना व्हिनाइल फाटते.