पीठ तुमचं, ओव्हन आमचा : आमची वाटचाल

आमच्या दारावर दोन पाट्या आहेत. मोठी पाटी छापील, तिच्यावर आम्ही विकतो त्या पदार्थांची नावं. तिच्याखाली पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेली छोटी पाटी : ‘बुधवार व शनिवार, घरचं सामान आणल्यास नानकटाई, बिस्किटं भाजून मिळतील.’ आमचे हिशेब बघणारे गृहस्थ दर मार्चमध्ये या छोट्या पाटीकडे बोट दाखवून म्हणतात, ‘वहिनी, ही काढा आता. यात गॅसचे पैसेसुद्धा सुटत नाहीत.’ त्यांचं गणित चुकत नाही. पण धंदा सुरू झाला तो छोट्या पाटीपासून. मोठी कितीतरी वर्षांनी आली.

मी सांगलीचीच. माहेरही इथलं आणि सासरही. लहानपणी मे महिन्याची सुट्टी लागली की एक दिवस बेकरीचा असायचा. आई घरून मैदा, दळलेली साखर, डालडा आणि वेलचीची पुडी पिशवीत भरायची, दोन रिकामे डबे आमच्या हातात द्यायची आणि आम्ही दुपारी भर उन्हात बेकरीच्या मागच्या दारी रांगेत बसायचो. दुपारीच का, हे मला फार उशिरा कळलं. लाकडाची भट्टी पहाटे पेटायची, तिची कडक आच पावाला लागायची. पाव निघाला की जाळ नाही, नुसती धग उरते. नानकटाईला आणि बिस्किटांना तीच उतरती धग हवी. सगळ्यात शेवटी टोस्ट आत जायचे, ते रात्रभर तिथंच वाळायचे. एकदा पेटवलेल्या लाकडावर तीन कामं. आज मी गॅसचं बिल भरते तेव्हा ती हुशारी आठवते.

बेकरीतले मामा आमच्यासमोरच परातीत डालडा आणि साखर घेऊन तळहाताने फेसायला बसायचे. पिवळट गोळ्याचा पांढराशुभ्र फेस व्हायला अर्धा तास लागायचा. मग त्यातला मुगाएवढा थेंब पाण्याच्या वाटीत टाकायचे. तरंगला तर मैदा घालायचा, बुडाला तर पुन्हा फेसायचं. गोळे वळायला आम्हा पोरांना बसवायचे. आमचे गोळे लहानमोठे व्हायचे, त्यामुळे एकाच पत्र्यावर काही करपलेले, काही पांढरे. घरी आल्यावर करपलेले आमच्या वाट्याला आणि चांगले वाटायला. शेजारी चार घरी, आत्याकडे, शाळेतल्या बाईंकडे. ज्या घरी डबा गेला तिथून तो रिकामा यायचा नाही. कुणी आंबोळ्या घालून पाठवायचं, कुणी कैरीचं लोणचं, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर.

पुढे ती भट्टी बंद झाली. मुलं दुसऱ्या कामाला लागली, जागेवर इमारत उभी राहिली. त्यात कुणाचा दोष नाही. पण गल्लीतल्या बायका दोन-तीन वर्षं चुकल्यासारख्या वागायच्या. डबे काढायच्या, घासायच्या आणि परत माळ्यावर टाकायच्या.

मी ३० लिटरचा ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा छोटा ओव्हन, घेतला तो मुलांच्या वाढदिवसाच्या केकसाठी. शेजारच्या काकूंनी तो पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन दारात. ‘तुझ्याकडे ती पेटी आहे ना, एवढं भाजून दे गं.’ पिशवीत काय असणार, मैदा, साखर, डालडा आणि वेलचीची पुडी! त्या मे महिन्यात अकरा घरांची नानकटाई मी भाजली. पैसे कुणाचे घेतले नाहीत. वीजबिल आल्यावर सासूबाईंनीच किलोमागे दर ठरवला आणि तो वसूलही त्यांनीच केला, मला बोलायला संकोच वाटायचा म्हणून.

पहिला मोठा पचका तुपाने केला. डालडा नको, घरच्या साजूक तुपात करा असं लोक म्हणायला लागले होते. मलाही पटत होतं. पण डालडा उन्हाळ्यातही घट्ट राहतो, तूप सांगलीच्या मे महिन्यात दुपारी पाण्यासारखं होतं. मी तसंच पातळ तूप साखरेत फेसलं, म्हणजे फेसायचा प्रयत्न केला, मैदा घातला, गोळे वळले आणि ट्रे आत सरकवला. दहा मिनिटांनी काचेतून पाहिलं तर सोळा नानकटाया एकमेकींच्या गळ्यात पडून एकच भाकरी झालेली. सामान एका माहेरवाशिणीचं होतं, ती संध्याकाळच्या गाडीने सासरी निघणार होती. मी माझ्या घरचं सामान काढून पुन्हा केली आणि ती भाकरी आम्ही चार दिवस चहात बुडवून संपवली.

त्यानंतर मी वही केली. तूप आधी फ्रीजमध्ये ठेवायचं, लोण्यासारखं झालं की मगच फेसायचं, वळलेले गोळे ट्रेसकट पुन्हा वीस मिनिटं थंडीत. एक किलो पिठाला (पाऊण किलो मैदा, उरलेल्यात बेसन आणि बारीक रवा) ६०० ग्रॅम तूप आणि तेवढीच पिठीसाखर. १६० अंशावर अठरा ते वीस मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागते म्हणून परत आत घालायची नाही, गार होताना ती आपोआप खुसखुशीत होते. पंचवीस ग्रॅमचा गोळा धरला तर पंच्याऐंशी-नव्वद नग निघतात. हे मी येणाऱ्या प्रत्येकीला सांगते. आमची कृती गुप्त नाही. गुप्त ठेवून करायचंय काय, फेसायचे कष्ट तर कुणी चोरत नाही.

विकायला सुरुवात झाली ती लोकांनीच ‘सामान आणायला वेळ नाही, तुमचंच घालून करा’ म्हटल्यावर. अन्न नोंदणी केली. तेव्हा वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असेल तर साधी नोंदणी होती, वर्षाला शंभर रुपये फी. चौदा आकडी नंबर पाकिटावर छापून आला त्या दिवशी यजमानांनी पहिलं पाकीट गणपती मंदिरात नेऊन ठेवलं. नुसती नानकटाई करून चालणार नव्हतं, ती सगळेच करतात. आमच्या जिल्ह्याचं काय, असा विचार केला तर बेदाणा समोर होता. तासगावचा बेदाणा आम्ही तिथूनच आणतो. बिस्किटात तो अख्खा घातला आणि वर दिसू दिला तर जळून कडू होतो, हे दोन ट्रे फेकल्यावर समजलं. आता बारीक चिरून, पिठात आत दाबून घालतो.

खपली गव्हाचं आणि नाचणीचं बिस्किट जास्त हट्टी निघालं. नाचणीला चिकटपणा नाही, नुसत्या नाचणीचं बिस्किट हातात घेतलं की भुगा. त्यात खपलीचं पीठ मिसळलं तेव्हा जमलं. गूळ घातला की वरून लवकर काळं पडतं, म्हणून आच दहा अंशांनी कमी आणि वेळ थोडा जास्त. ‘साखर नाही’ असं या पाकिटावर लिहा, खप वाढेल, असं मला दोघातिघांनी सुचवलं. गूळ म्हणजे काय कडुलिंब आहे का? आम्ही ‘गुळाचं’ एवढंच लिहितो.

ऑगस्ट २०१९. सांगलीकराला पुढचं सांगावं लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमची खोली तळमजल्यावर. तोवर ओटीजी जाऊन मोठा विजेचा ओव्हन आला होता, राखीपौर्णिमेची मागणी होती म्हणून मैद्याची सात पोती भरून ठेवली होती. आम्ही ती टेबलावर चढवली. मागच्या पुराच्या खुणेच्या वर ठेवली की झालं, असं वाटलं होतं. आम्ही नातेवाइकांकडे गेलो आणि पाणी छताला लागलं.

त्या दिवसांत एका शाळेत मदतीच्या गाड्या यायच्या. पाणी, मेणबत्त्या, चादरी आणि बिस्किटांचे पुडे. मीही रांगेत उभी राहिले. पुढ्यातल्या बाईंनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगं, तू पण बिस्किटंच घेणार?’ एवढ्या रडारडीत आम्ही दोघी तोंडावर पदर घेऊन हसलो. त्यानंतर दहा दिवस तीच बिस्किटं खाल्ली.

पाणी उतरल्यावर खोलीत मैद्याचा आणि गाळाचा एक लगदा होता, त्याचा वास अजून नाकात आहे. ओव्हन गेला. डबे मात्र वाचले, झाकणं घट्ट होती म्हणून तरंगले आणि कोपऱ्यात जाऊन बसले. त्यात गिऱ्हाइकांचे चौदा डबे होते. ते घासून, उन्हात वाळवून घरोघर पोहोचवले. आत घालायला काही नव्हतं, म्हणून साखर घातली. सप्टेंबरमध्ये यांतल्याच काही घरांतून पैसे आले. ‘दिवाळीचे आगाऊ’ म्हणून. एका आजींनी पाच वर्षांचे आगाऊ दिले. त्यावर आम्ही जुना ओव्हन विकत घेतला. तेव्हापासून पीठ वरच्या मजल्यावर असतं आणि पावसाळ्यात पोती मोजूनच मागवतो.

टाळेबंदीबद्दल फार लिहीत नाही. त्या काळात ज्याच्या त्याच्या घरी केक होत होते आणि मला फोन यायचे ते ‘माझा का बसला?’ विचारायला. फोनवरच शिकवत होते. त्यातल्या चौघी पुढे माझ्याकडे कामाला आल्या आणि आजही तिघी आहेत.

नंतर पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून कर्ज घेतलं. तेव्हा प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान होतं, कमाल दहा लाख, स्वतःचे किमान दहा टक्के घालायचे. कृषी खात्याकडून मिळालेल्या मार्गदर्शकाने अहवाल करून दिला, बँकेत चपला मात्र माझ्याच झिजल्या. त्या पैशांतून दोन मजल्यांचा गॅसवरचा डेक ओव्हन आला. लाइट गेली की ट्रेभर माल कच्चा राहायचा, ते संपलं.

ओव्हन मोठा झाला की माणसाला वाटतं आपणही मोठे झालो. पुण्यातल्या एका दुकानदाराने दरमहा दोनशे किलो मागितला. आम्ही छोटी पाटी खाली उतरवली, कारण बुधवार-शनिवार आता त्याच्या मालात जात होते. पैसे नव्वद दिवसांनी द्यायचं ठरलं होतं. जूनपर्यंत ठीक चाललं. पावसाळ्यात त्याच्या गोदामात माल सादळला आणि त्याने चाळीस किलो परत पाठवला, वाहतुकीचा खर्चही आमच्याच माथी. सादळलेली बिस्किटं १२० अंशावर आठ-दहा मिनिटं ठेवली की पुन्हा कुरकुरीत होतात, घरात खायला काहीच हरकत नाही. पण तशी करून पुन्हा विकायची नाहीत हे आमचं आधीच ठरलेलं. कामवाल्या बायकांनी वाटून नेली, उरलेली वसतिगृहात दिली. चूक निम्मी माझी होती. पाकीट पातळ होतं. दुहेरी थराचं पाकीट महाग म्हणून मी टाळलं होतं.

त्या पावसाळ्यात आजी, त्याच पाच वर्षांचे आगाऊ देणाऱ्या, हातात पिशवी घेऊन आल्या. दारावरची पाटी दिसली नाही म्हणून उंबऱ्यातच थांबल्या. ‘बंद केलं व्हय?’ एवढंच विचारलं. मी पिशवी घेतली. तो बुधवार होता की नाही आठवत नाही. पुण्याचा माल पुढच्या महिन्यात थांबवला आणि पुठ्ठा परत टांगला.

आता आमची उलाढाल मध्यम आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला तेव्हा मोठ्या कंपन्यांचे पुडे स्वस्त झाले. आम्ही कराच्या मर्यादेखालीच, आमचा भाव होता तोच राहिला. पण तुपावरचाही १२ चा ५ झाला, ते आमच्या पथ्यावर पडलं. परदेशी मुलांना पाठवायला नानकटाई नेणारे पुष्कळ आहेत. ती वाटेत फुटते, म्हणून आम्ही डब्यात चुरमुऱ्यांचा थर देतो. सांगलीचे चुरमुरे आहेत, तिकडे पोहोचल्यावर त्याचं भडंग होतं. संकष्टीला राजगिऱ्याची बिस्किटं करतो, त्यासाठी ट्रे आणि परात वेगळी. त्यातला सोडा उपवासाला चालतो की नाही यावर आमच्या दारात दर महिन्याला चर्चा होते आणि निकाल लागत नाही.

घरचं सामान आणणाऱ्यांना एकच सांगणं. डबे बदलतात. आपल्याकडे लग्नामुंजीत डबे वाटतात, त्यांच्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, आणि एकाच लग्नातले सारखे डबे गल्लीतल्या सहा घरांत निघतात. मागच्या मे महिन्यात एकीचं साजूक तुपातलं दुसरीकडे गेलं आणि डालड्याचं हिच्याकडे. दोघींनी ते वाटूनही टाकलं होतं. तेव्हा चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहून ती डब्याच्या आत टाका, झाकणावर नको, तुपकट हाताने पुसलं जातं. नावं लिहून घ्यायची वही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उघडते. तूप घट्ट करून आणा.