व्हीलचेअरवरून यॉर्कशरच्या पबात

पब म्हटलं की आपल्याला कानठळ्या बसवणारं संगीत आणि दाराशी उभे असलेले दांडगे बाउन्सर आठवतात. इंग्लंडच्या खेड्यातला पब म्हणजे निराळंच प्रकरण. खाली जेवणाची खोली, वर मुक्कामाच्या चार-सहा खोल्या, दुपारी नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा, टेबलाखाली निवांत पसरलेली कुत्री. दारूला न शिवणाऱ्यानेही खुशाल जावं. आमच्यासारख्यांची अडचण दारूची नसते, दाराची असते.

मला लहानपणी पोलिओ झाला. घरात कुबड्या वापरते, बाहेर हाताने ढकलायची व्हीलचेअर. खुर्चीची रुंदी ६४ सेंटिमीटर. हा आकडा मला स्वतःच्या पासपोर्ट नंबरापेक्षा पक्का पाठ आहे. भाची लीड्सला असते आणि तिच्याकडे गेले की कुठे बाहेर जेवायचं हा विषय निघतोच. या खेपेला ठरलं, यॉर्कशर डेल्समध्ये जायचं आणि रविवारचं पारंपरिक रोस्ट, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मांसाचं भरगच्च जेवण, खायचं.

डेल्स म्हणजे हिरव्या दऱ्या, चुन्याशिवाय रचलेली दगडी कुंपणं आणि माणसांपेक्षा जास्त मेंढ्या. १९५४ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. आम्ही निवडली ती वॉर्फ नदीची दरी. इथले बरेच पब दोनअडीचशे वर्षं जुन्या इमारतींत आहेत. वारसा म्हणून नोंद झालेल्या इमारतीत परवानगीशिवाय भिंत पाडता येत नाही की उंबरा काढता येत नाही. पण २०१० चा इक्वॅलिटी अ‍ॅक्ट, म्हणजे समानतेचा कायदा, सांगतो की अपंग गिऱ्हाइकासाठी शक्य ते वाजवी बदल केलेच पाहिजेत, आणि त्याचा खर्च त्या गिऱ्हाइकाच्या माथी मारता येत नाही. त्यामुळे पायरी तीच राहते आणि पबवाले मागच्या खोलीत अ‍ॅल्युमिनियमची घडीची उतरंड, म्हणजे रॅम्प, ठेवतात. ती आहे हे माहीत असायला हवं आणि मागायला हवी. आपणहून कोणी सांगेलच असं नाही.

म्हणून आधी फोन. ‘व्हीलचेअर येते का?’ असं कधीच विचारू नका. उत्तर नेहमी ‘हो’ असतं. एका ठिकाणी भाचीला असंच भरघोस ‘हो’ मिळालं. तिने खोदून विचारल्यावर कळलं की स्वच्छतागृह तळघरात आहे, ‘पण फक्त सात पायऱ्या!’ दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी मात्र ‘थांबा हं’ म्हणून फोन ठेवला, टेप घेऊन दारं मोजली आणि परत फोन केला. टेबल तिथेच राखलं.

विचारायचं ते असं: दाराची मोकळी रुंदी किती, पायरी किती उंच, बाजूने सपाट वाट आहे का, अपंगांचं स्वच्छतागृह जेवणाच्याच मजल्यावर आहे का, आणि त्याचं दार बाहेर उघडतं की आत. टेबलाबद्दलही विचारा. मधोमध एकच जाड खांब असलेल्या टेबलाला त्याचा पाय गुडघ्यांना नडतो, चार कोपऱ्यांना चार पाय असलेलं बरं. बागेतल्या बाक जोडलेल्या लाकडी टेबलांखाली तर खुर्ची शिरतच नाही. त्यातही एका टोकाला फळी लांबवलेलं टेबल असलं तर मात्र ती जागा सोडू नका. बारजवळच्या उंच स्टुलांच्या टेबलावर बुकिंग देऊ नका, असंही बजावून ठेवा.

लीड्सहून स्किप्टनपर्यंत ट्रेनने पाऊण तास लागतो. मदतनीस आणि रॅम्प हवा असल्यास निघण्याच्या किमान दोन तास आधी बुकिंग करायचं, पैसे पडत नाहीत. आपण स्वतःच्या व्हीलचेअरमध्ये बसूनच प्रवास करणार असू, तर ‘एनीटाइम डे रिटर्न’ तिकिटावर आपल्याला आणि एका सोबत्याला निम्मी सवलत मिळते. त्याला कुठलं कार्ड लागत नाही. मशीनवर ही सवलत दिसेलच असं नाही, खिडकीवर मागा. स्किप्टनहून पुढे टॅक्सी. खुर्चीसकट आत घेणाऱ्या टॅक्स्या खेडेगावाकडे थोड्याच, म्हणून आधी सांगून ठेवलेली बरी. व्हीलचेअरसाठी जादा भाडं घेणं तिथे बेकायदा आहे.

पबसमोर पोचलो तर सगळीकडे खडी. पुढची छोटी चाकं तिच्यात रुततात. भाचीने खुर्ची उलटी फिरवली आणि मोठी चाकं पुढे ठेवून मागे-मागे ओढत नेली. खडीवर हाच उपाय. दाराची दगडी पायरी कित्येक पिढ्यांच्या बुटांनी मधोमध झिजून खोलगट झाली होती, म्हणजे उतरंड टेकवली की ती डुगडुगणार. आतून आलेल्या मुलाला हे ठाऊक असावं. काही न बोलता त्याने उतरंड टेकवून तिच्या डाव्या बाजूखाली दुमडलेली बारची जाड रबरी चटई सरकवली, वर उभं राहून बघितलं आणि मग म्हणाला, ‘कम ऑन इन, लव्ह.’ यॉर्कशरमध्ये दुकानदारापासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे असंच म्हणतात, अंगाला लावून घेऊ नये.

आत फरशीचे ओबडधोबड दगड, आणि छताची काळी तुळई इतकी खाली की उंच माणसं वाकून चालतात. व्हीलचेअरचा एवढा फायदा कधीतरी मिळावाच.

पबात टेबलावर ऑर्डर घ्यायला सहसा कोणी येत नाही. टेबलाचा नंबर लक्षात ठेवून बारवर जायचं, सांगायचं, बऱ्याचदा पैसेही तिथेच द्यायचे. काउंटर माझ्या डोक्याच्या वर. भाची निघाली होती, पण मी त्या मुलालाच सांगितलं की मला टेबलावर ऑर्डर द्यायची आहे. तो लगेच वही घेऊन आला. हेही त्या वाजवी बदलांतच मोडतं, संकोच नको.

रोस्टमध्ये बीफ असतंच, शिवाय बहुधा कोंबडी किंवा कोकरू आणि शाकाहाऱ्यांसाठी सुक्या मेव्याचं नट रोस्ट. मी कोंबडी घेतली. खमंग भाजलेले बटाटे, गाजर, कोबी आणि वर टोपीएवढं यॉर्कशर पुडिंग. ते गोड नसतं. मैदा, अंडं आणि दूध यांचं पीठ कडकडीत चरबीत ओतून भट्टीत फुगवतात. ती चरबी बऱ्याचदा बीफची असते, ग्रेव्ही मांसाच्या रश्शाची असू शकते, आणि या भागात चिप्स, म्हणजे बटाट्याचे तळलेले जाड तुकडे, तेसुद्धा बीफच्या चरबीत तळायची जुनी रीत आहे. खाण्याचं काही पाळत असाल तर प्रत्येक पदार्थाचं वेगळं विचारा, नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. अ‍ॅलर्जीचे १४ घटक सांगणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे माहितीची फाइल बहुतेक ठिकाणी तयारच असते. सोबत हातपंपाने ओढलेली बिटर, म्हणजे कडसर बिअर, घेतली, पण हाफ पाइंट, म्हणजे २८४ मिलिलिटर. अख्खा पाइंट प्यायच्या आधी स्वच्छतागृह डोळ्यांनी बघून घ्यावं, हा माझा नियम.

ते बघितलं. दार रुंद, आत वळायला जागा, आडवे दांडे भक्कम. पण कमोडशेजारच्या मोकळ्या जागेत लहान मुलांच्या तीन उंच खुर्च्या आणि खोक्यातलं नाताळचं झाड! कुबड्यांवर चालणाऱ्याचं जमेल, खुर्चीतून बाजूला सरकणाऱ्याने काय करावं? वर मदतीची लाल दोरी गुंडाळून दांड्याला बांधलेली. पडलेल्या माणसाचा हात पोचावा म्हणून ती जमिनीपर्यंत लोंबती असायला हवी. दोरी मी सोडली. सामानाचं सांगितल्यावर दोन मिनिटांत हलवलं. आत गेल्या गेल्या ही दोरी आधी बघा.

रस्त्यातल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी रडार किल्ली घेऊन ठेवा. १९८१ पासून चालू असलेल्या योजनेत देशभरातली हजारो कुलूपबंद अपंग स्वच्छतागृहं या एकाच किल्लीने उघडतात. ऑनलाइन मिळते, परदेशी पाहुण्यालाही चालते. काही पबही तेच कुलूप लावतात.

मुक्काम करायचा विचार असेल तर लक्षात घ्या, जुन्या पबात लिफ्ट जवळजवळ नसतेच. तळमजल्याची खोली मिळते ती बहुधा मागच्या तबेल्यात किंवा कोठारात केलेली असते. तिथपर्यंतच्या वाटेचा फोटो मागवा, कारण खोली उत्तम आणि मध्ये अंगणभर गोटे, असं होऊ शकतं. वेळाही सांभाळा. दुपारचं स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी दोन-अडीचला बंद होतं, रविवारचं रोस्ट तर संपलं की संपलं. परतीची टॅक्सी येतानाच पक्की करा, रविवारी संध्याकाळी ऐनवेळी मिळणं कठीण.