डॉक्टरांची सही होताना मी दारात होतो

माझ्या मामांच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून मी २०१७ च्या मे महिन्यातल्या एका रविवारी सही केली, तेव्हा त्या कामाला जेमतेम अर्धे मिनिट लागले असेल; त्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब देण्यासाठी २०२५ साली मला न्यायालयात जवळजवळ दोन तास उभे राहावे लागले. मधल्या काळात मामा गेले, माझ्या सहीखाली ज्यांची सही होती ते त्यांचे डॉक्टर गेले आणि मामांच्या दोन मुलांमधले बोलणे बंद झाले. नौपाड्यातला फ्लॅट मुलीला आणि गावची जमीन मुलाला, अशी मामांची वाटणी होती. मामेभावाने वाटपाचा दावा लावला, मामेबहिणीने, जिला मी ताई म्हणतो तिने, उत्तरादाखल मृत्युपत्र पुढे केले आणि ते सिद्ध करण्यासाठी हयात असलेला एकच माणूस उरला होता, तो म्हणजे मी.

मृत्युपत्रावर सही करणाऱ्याला आपण नेमके काय पत्करतो आहोत याची सहसा कल्पना नसते, निदान मला नव्हती. साध्या कागदावर लिहिलेले चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते. त्यामुळे एकंदर प्रकार घरगुती वाटतो. पण भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात, त्या प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे लागते किंवा ‘ही सही माझीच’ अशी कबुली त्याच्या तोंडून ऐकलेली असावी लागते, आणि प्रत्येकाने आपली सही त्याच्या समक्ष करावी लागते. दोघा साक्षीदारांनी एकाच वेळी हजर असलेच पाहिजे असे नाही, मजकूर वाचलेला असण्याचीही गरज नाही. मात्र पुढे वाद झाला तर, मृत्युपत्र नोंदवलेले असो वा नसो, हयात असलेल्या साक्षीदारांपैकी किमान एकाला न्यायालयात यावेच लागते. ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ६८ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम ६७ मध्ये आहे. आमचा दावा त्या तारखेच्या आधीपासून चालू असल्यामुळे आम्हाला जुनाच कायदा लागू होता, हे ताईच्या वकीलबाईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितले.

त्या रविवारी काय घडले ते सांगतो. मामा खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते आणि मजकुराचा वरचा सगळा भाग त्यांनी त्या दिवशीच्या वर्तमानपत्राने झाकून ठेवला होता. खाली सह्यांपुरती चार बोटे जागा उघडी होती. “वाचायचं नाही, फक्त सही,” असे म्हणून त्यांनी आधी स्वतः सही केली, माझ्या आणि डॉक्टरांच्या देखत. मग मी केली, नाव आणि पत्ता लिहिला. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून तो वाचला आणि “पिन राहिला, चार शून्य शून्य सहा शून्य दोन,” असे म्हणून माझ्याकडून तो भरून घेतला. नंतर डॉक्टर माझ्या जागी खुर्चीत बसले, त्यांनी माझ्याच हातून पेन घेतले आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. इस्त्रीवाला आला होता. मी दार उघडले, कपडे घेतले, पैसे दिले आणि वळलो, तेव्हा डॉक्टर कागदावर फुंकर घालत होते.

वकीलबाईंनी तयार केलेल्या सरतपासाच्या शपथपत्रात हा इस्त्रीवाला नव्हता. दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे साक्षीदाराने आपल्या बाजूने द्यायची पहिली जबानी, आता तोंडी होत नाही, ती शपथपत्रावर लिहून द्यावी लागते आणि न्यायालयात प्रत्यक्ष होते ती उलटतपासणी. मसुद्यात लिहिले होते की मृत्युपत्रकर्ते ‘पूर्ण शुद्धीत, आनंदी व समाधानी मनःस्थितीत’ होते आणि ‘डॉक्टरांनी माझ्या समक्ष सही केली’. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रिते तपासली आहेत. दुसऱ्याच्या मजकुरात हात घालायचा नाही, पण चूक सोडायचीही नाही, ही त्या धंद्याची सवय अंगात मुरलेली आहे. ‘आनंदी व समाधानी’ मी खोडले, कारण मामा आनंदी होते की नाही हे मला ठाऊक नाही. त्याऐवजी पिनकोडची हकिकत घालायला सांगितली. दुसऱ्या वाक्यापाशी मात्र मी बराच वेळ थांबलो.

“काका, तुम्ही घरातच होतात ना? मग समक्षच की,” वकीलबाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, खोटे बोला असेही म्हणत नव्हत्या. त्यांनी मला अडचण नीट समजावून सांगितली. एकच साक्षीदार हजर करायचा असेल तर त्याने स्वतःच्या सहीबरोबर दुसऱ्या साक्षीदाराची सहीही कायद्याप्रमाणे झाल्याचे सिद्ध केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली एका प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. म्हणजे माझी स्वतःची सही हा किरकोळ भाग होता. सारे मृत्युपत्र मी न पाहिलेल्या चार सेकंदांवर टेकलेले होते.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. गेली काही वर्षे घरात विषय निघाला की मीच सर्वांना सांगत आलो होतो, “आधी डॉक्टरांनी केली, मग मी केली, दोघंही समोरासमोर होतो.” मृत्युपत्राची प्रत हातात आली तेव्हा माझी सही वर आणि डॉक्टरांची खाली दिसली. तो क्रम पाहिल्यावरच मला बेल आठवली, कपड्यांचा गठ्ठा आठवला, फुंकर आठवली. ज्या आठवणीबद्दल मी कोणाशीही पैज लावली असती ती चुकीची निघाली, याचा धक्का मला न्यायालयाच्या भीतीपेक्षा मोठा होता. पाणिनीने ‘साक्षी’ हा शब्द साक्षात पाहणारा या अर्थी सिद्ध केला आहे. त्याला आपण फारसीतला ‘दार’ जोडून साक्षीदार केले. मी दार सांभाळत होतो, साक्षात पाहत नव्हतो, असा विनोद मी त्या दिवसांत मनाशी पुष्कळदा केला.

घरातून तीन बाजूंनी तीन सल्ले आले. आईचे म्हणणे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि भावाच्या लेकरांच्या भांडणात तर मुळीच नाही. समन्स आले तर जावेच लागते हे तिला पटेना. ताईचा राग वेगळा होता; इतकी वर्षे दोघे समोरासमोर होतो म्हणत आलास आणि नेमका आताच तुला इस्त्रीवाला कसा आठवला, हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याकडे त्याचे धड उत्तर नव्हते. मामेभावाने फोन केला तो थेट देवावर आला. “दादा, न्यायालयात काय सांगायचं ते सांग, पण आधी खंडोबासमोर बेलभंडार उचल की बाबा शुद्धीवर होते.”

बेलभंडार उचलणे ही आपल्याकडची जुनी शपथ. गोतसभा न्याय करीत तेव्हा साक्ष देवासमोर होई, प्रसंगी दिव्यही करावे लागे, आणि महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, ज्यांना लिहिता येत नसे ते आपली खूण काढत, कुणबी असेल तर नांगराची निशाणी. (आजही न्यायालयात पुराव्याच्या कागदाला ‘निशाणी’ म्हणतात, मामांच्या मृत्युपत्रालाही निशाणी क्रमांक पडला.) कंपनी सरकारच्या न्यायालयांतली गंगाजलाची शपथ १८४० च्या कायद्याने काढून टाकली आणि सध्या १९६९ चा शपथ अधिनियम लागू आहे, त्यात देवाच्या नावाने शपथ घ्या किंवा नुसती प्रतिज्ञा करा, दोन्ही सारखेच. चित्रपटातल्यासारखी गीता मला कोणी पुढे केली नाही. मी मामेभावाला म्हणालो की भंडारा मी उचलतो, पण ‘पिनकोड बरोबर सांगितला’ एवढ्यावरच उचलीन. त्याने फोन ठेवला.

सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारताना माझे एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू समाजातले, स्नेही बरोबर असतात. ठाण्यातले त्यांचे शआर हाशामाईम हे सिनेगॉग १८७९ चे आहे आणि ते स्वतः तिथल्या लग्नांत केतुब्यावर, म्हणजे विवाहाच्या करारपत्रावर, साक्षीदार म्हणून सही करतात. मी त्यांना माझी अडचण सांगितली, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पण तुम्ही भाचे, तुम्ही साक्षीदार झालातच कसे?” त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे नात्यातला साक्षीदार चालतच नाही, बाजूने नाही आणि विरुद्धही नाही; दोन साक्षीदार लागतात आणि ते वर-वधूंच्या किंवा एकमेकांच्या नात्यातले असता कामा नयेत. तोरामध्ये, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथात, खोट्या साक्षीदाराला जी शिक्षा तो दुसऱ्यावर आणू पाहत होता तीच देण्याची आज्ञा आहे. आपल्या कायद्यात नाते हा साक्ष फेटाळण्याचा आधार होत नाही, ती अधिक बारकाईने तपासली जाते इतकेच, आणि खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंतची कैद आहे. तोराचा नियम मला त्या क्षणी फार दयाळू वाटला. त्या नियमाखाली मी सुटलो असतो. माझ्या पुतणीच्या नोंदणी विवाहात तीन साक्षीदारांपैकी मी एक होतो आणि सही करून जेवायला गेलो होतो. धार्मिक विवाहात तर साक्षीला अग्नीच असतो, आणि त्याची उलटतपासणी कोणी घेत नाही.

शपथपत्रात शेवटी मी म्हटले तसेच वाक्य गेले. पहिल्या दोन तारखांना साक्ष झालीच नाही, एकदा आमच्या आणि एकदा समोरच्या बाजूने मुदत मागितली. तिसऱ्या तारखेला साडेबाराच्या सुमारास शिपायाने पुकारा केला.

उलटतपासणी आरडाओरड्याची असते ही माझी समजूत खोटी ठरली. मामेभावाचे वकील अत्यंत मृदू आवाजात बोलत. मजकूर वाचला नव्हता हे खरे का? खरे. मामांना मधुमेह होता हे खरे का? खरे. इस्त्रीचे कपडे किती होते? मोजले नाहीत. आठ वर्षांपूर्वीची बेल आठवते आणि कपडे आठवत नाहीत? हो. मग ते मुद्द्यावर आले. डॉक्टरांनी सही करताना तुम्ही पाहिले नाही हे खरे आहे का? मी म्हणालो, “कागदावर पेन चालताना पाहिले नाही, पण ते पेन घेऊन बसलेले आणि नंतर शाईवर फुंकर घालताना पाहिले.”

साक्षीदार बोलतो ते जसेच्या तसे लिहिले जात नाही. प्रश्न आणि उत्तर मिळून एक वाक्य तयार होते आणि न्यायाधीश ते टंकलेखकाला सांगतात. म्हणून जबानीतली वाक्ये ‘असे म्हणणे खरे नाही की’ अशा विचित्र वळणाची असतात. पडद्यावर माझे उत्तर उमटले: ‘डॉक्टरांनी सही करताना मी पाहिले नाही, हे म्हणणे खरे आहे.’ पूर्णविराम. माझ्या तोंडून निघालेला ‘पण’ कुठेच नव्हता. मी हात वर केला, शाळेतल्यासारखा. न्यायाधीशांनी विचारले, काय झाले? मी म्हणालो, “साहेब, माझे वाक्य तिथे संपले नव्हते.” समोरच्या वकिलांनी हरकत घेतली की उत्तर पुरेसे आहे, बाकीचे फेरतपासणीत विचारावे. न्यायाधीशांनी क्षणभर विचार केला आणि उरलेला अर्धा भाग लिहून घेतला: ‘साक्षीदार स्वतःहून सांगतो की…’ फुंकरीसकट. ‘स्वतःहून सांगतो’ हे शब्द मला आवडले नाहीत, मी काही पदरचे घातले होते असा त्यात वास येतो; पण तीच तिथली रीत आहे.

जबानीची प्रत मी वाचली. ‘फुंकर’ मधला ‘फु’ दीर्घ पडला होता, तो दाखवून दिला आणि प्रत्येक पानाखाली सही केली. शेवटच्या पानावर पत्ता लिहिला, पिनसह.

निकाल अजून लागलेला नाही. डॉक्टरांचे अक्षर ओळखणारे दुसरे कोणी मिळते का हे वकीलबाई पाहत आहेत. त्या दिवशी ताई माझ्याशी न बोलता रिक्षात बसली. मी जिन्याखाली चपला झटकत उभा होतो, तेव्हा मामेभाऊ शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ तो रस्त्याकडेच पाहत होता.

“इस्त्रीवाला खरंच आला होता?” त्याने विचारले.

“हो.”

“त्या कपड्यांत बाबांचा तो राखाडी सफारी होता का रे? सापडतच नाही कुठे.”

मी आठवून पाहिले. आठवले नाही, आणि तसेच त्याला सांगितले.