कणकुंबीच्या अंगणातली रोहिणी

२०२५च्या जानेवारीत, पौष अमावास्येच्या सुमारास, मी बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला गेलो तो केवळ काळोखासाठी. दिवस मलप्रभेच्या उगमापाशी आणि माउलीच्या देवळात गेला. रात्रीच्या मुक्कामासाठी ठरवलेल्या आवारात मात्र झाडाझाडांवर प्रखर दिवे लावले होते, आणि ते तासभर तरी मालवावेत ही माझी विनंती कोणी ऐकूनही घेतली नाही. जंगलाच्या कडेला येऊन आकाशच पुसून टाकणाऱ्या या रोषणाईचा मला अजूनही राग आहे. शेवटी मी ओळखीच्या एका मावशींच्या घरी गेलो, आणि त्यांनी काही न विचारता अंगणातला दिवा मालवला.

“रोहिणीजवळची ती मोठी चांदणी कुठली रे?” त्यांनी विचारले. ती चांदणी नसून गुरू आहे आणि शेजारची तांबूस रोहिणीच त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, हे त्यांना पटेना. मग आम्ही स्वयंपाकघरातून सामान आणले. १२,७४२ किलोमीटर व्यासाची पृथ्वी म्हणजे मिलिमीटरभर मोहरी धरली, तर गुरू उसळीसाठी भिजवलेल्या काळ्या वाटाण्याएवढा होतो आणि पृथ्वीच्या १०९ पट व्यासाचा सूर्य सोललेल्या नारळाएवढा. नारळ तुळशीपाशी ठेवला, तेव्हा मोहरीची जागा १२ मीटरांवर, गोठ्याच्या दाराशी आली. तेथे ती सारवलेल्या जमिनीत हरवली, तर मावशी दुसरी चिमूट घेऊन आल्या. रोहिणीचा व्यास सूर्याच्या सुमारे ४४ पट, म्हणजे तुळशीपासून ओसरीपर्यंत ओळीने ४४ नारळ. वाटाण्याएवढा गुरू तिच्याहून तेजस्वी दिसतो, कारण तो आपल्या अंगणातला आहे, आणि तिचा प्रकाश पोहोचायला ६५ वर्षे लागतात.

मावशींनी वाटाणा तळहातावर घेऊन बराच वेळ वर पाहिले. मग मृगातल्या काक्षी या लाल ताऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, “आणि ही?”

काक्षीच्या आकाराचे अंदाज बदलत असले, तरी ती सूर्याच्या जागी आणली तर मंगळाची कक्षाही तिच्या पोटात जाईल. मी सूर्याच्या ७०० पट व्यास धरला आणि नारळ हातात घेतलेल्या मावशींना अंगणात सोडून पायवाटेने शंभर पावले मोजत गेलो. मागे वळलो तेव्हा नारळ तर नाहीच, मावशीही दिसेनात.

“अजून किती?” काळोखातून हाक आली.

“इथपर्यंत!” मी ओरडलो.

परत आलो, तेव्हा त्या काक्षीकडेच पाहत उभ्या होत्या.