टीव्हीवर लॅपटॉपच्या कडा कापल्या जातायत?

इंदूरला आईकडे आलोय, काल तिला मुंजीचे फोटो मोठे बघायचे होते म्हणून लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला तर चारी बाजूंनी चित्र कापलेलं, खालचा टास्कबारच गायब, आणि रिझोल्यूशन तर बरोबर १९२० बाय १०८० होतं! हे ओव्हरस्कॅन. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत कडा नीट येत नसत म्हणून चित्र जरा मोठं करून त्या झाकायचे, ती सवय नव्या टीव्हीतही राहिलीये. रिमोटवरून पिक्चर साइझमधे १६:९ ऐवजी 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडा, नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. लॅपटॉपमधून स्केलिंग, म्हणजे चित्राचा आकार, कमी करूनही चित्र बसतं पण अक्षरं धूसर होतात, मला ते अजिबात आवडत नाही. आता फोटोत कडेला उभी असलेली मावशीपण आईला दिसली.